कौसर अन् सोजराबाईच्या मधली जागा

१

भिंतीवरच्या फोटोत महामाया स्वतःला शोधत होती आणि सापडत नव्हती.

आधी तिनं चष्मा पुसला. मग पदरानं फोटोची काच पुसली. काच कालच लावलेली, तिच्यावर धुळीचा कणही नव्हता. उंद्रीच्या जवंजाळ हायस्कूलमध्ये आज 'आमचे अभिमान' या भिंतीचं उद्घाटन होतं. शाळेच्या जुन्या खेळाडूंचा, संघांचा आणि शिक्षकांचा सत्कार. भिंतीच्या मधोमध दाराएवढा फोटो: राज्यविजेता मुलींचा खो-खो संघ, १९९२. बाजूला संघाचे दिवंगत मार्गदर्शक दयाराम सर, हार घातलेले. आणि खाली, खेळाडूंच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत, संस्थेचे अध्यक्ष रंगराव जवंजाळ. त्यांनी १९९२ साली नेमकं काय जिंकलं होतं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"ताई, मी नाई याच्यात," महामाया म्हणाली.

बेबीताई तिची नणंद. बुलढाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर शपथेवरचं खोटं ऐकून त्यांना एक खोड लागली होती. माणूस समोर आला की त्याच्या नावानं मनात खातं उघडायचं. एका बाजूला तो काय बोलतो ते, दुसऱ्या बाजूला काय गिळतो ते. बहुतेकांची दुसरी बाजूच जड भरे.

"नीट पाह्य, माया. केस कापले असतील तेव्हा."

"स्वतःचं थोबाड ओळखू येणार नाई काय मले? अन् खाली नावं वाचा."

बेबीताईंनी वाचली. महामायेचं नाव नव्हतं. शेवटी बारीक अक्षरांत मात्र होतं: 'राखीव खेळाडू सिंधूताई, प्रकृती अस्वास्थ्यामुळे छायाचित्रात अनुपस्थित.' बत्तीस वर्षांपूर्वीचा ताप लोकांनी एवढा जपून ठेवला होता.

तेवढ्यात स्वतः रंगराव आले. पांढरी कडक खादी, मागे मुख्याध्यापक शेखर सर. शेखर सर अध्यक्षांच्या सावलीतून बाहेर पडणार नाहीत अशा बेतानं चालत.

"काय झालं बाई?"

महामायेनं सांगितलं. रंगरावांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, धामणगाव बढ्याच्या आरोग्य केंद्रात नर्स असलेल्या त्या बाईच्या साध्या सुती साडीकडे.

"तुमाले निमंत्रण होतं काय?"

"नाई. कौसरनं फोन केला."

"मंग पाहा," रंगराव हसले, "निमंत्रण नाई, नाव नाई, फोटोत नाई. बाई, माणसाची आठवण चुकते, फोटो खोटं बोलत नाई. तुम्ही दुसऱ्या वर्षीच्या टीममधी असान. बसा, जेवण करूनच जा."

जेवण करूनच जा! बेबीताईंच्या कानशिलात ठिणगी उडाली. अमरावतीच्या मैदानावर पळून पळून रक्ताळलेल्या पायांनी जिनं शाळेला ढाल आणून दिली, तिला आज पंगतीत एक पान वाढायचं. तेही उपकार म्हणून.

"मूळ फोटो दाखवा," त्या म्हणाल्या. "जुना. फ्रेममधला."

शेखर सरांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. खुर्चीमागच्या भिंतीवर एक पांढरा चौकोन होता, आजूबाजूचा रंग मळलेला.

"इथंच होता," ते म्हणाले. "आता... कुठं गेला, कोणाले माहीत नाई."

२

कौसर त्या संघाची कप्तान. आता चिखलीत तिचं कापडाचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तिला कळतं, हे घेणार की नुसते पदर उलगडून जाणार. बुरखा मागे सारून ती वर्गातल्या बाकावर बसली होती. तिच्या शेजारी सोजराबाई, तीही त्याच संघातली. सोजराबाई रडत होती आणि कौसर शिव्या देत होती. कामाची वाटणी नीट झाली होती.

"माया नव्हती म्हनते तो रंगराव? अल्ला कसम, माया नसती तं आम्ही दुसऱ्याच दिवशी बस पकडून घरी आलो असतो! पाठलागाले उठली की समोरची पोरगी रडतच पळे."

"मग त्यांना सांग ना," बेबीताई म्हणाल्या.

"सांगितलं. तं म्हने, आपा, तुमच्या मैत्रिणीचं आहे, तुम्ही म्हणसानच. फोटोपुढं माझी काय किंमत?"

"आणि ही सिंधूताई? राखीव?"

"रंगरावची बहीण. पहिल्या निवड शिबिरात होती बाप्पा, एवढं आठवते. राखीव कोण कोण नेल्या, आता कोण शपथ घेईन? राखीव बसल्या राहतात, त्यांचं कोनी ध्यानात ठेवत नाई."

बेबीताई मनात म्हणाल्या, बसलेल्यांचंच ध्यानात ठेवायला पाहिजे. आणि त्या पुन्हा भिंतीपुढे गेल्या.

फोटो खांबाजवळून काढलेला होता, रांगेच्या एका टोकाकडून. मागे सर आणि उभ्या मुली. पुढे मैदानावर पाठलागाच्या तयारीत बसलेल्या मुलींची रांग. कॅमेऱ्याकडे माना वळवलेल्या, पण बसणं मात्र खेळातलंच. एकीचे गुडघे डावीकडे, पुढचीचे उजवीकडे. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

बेबीताईंनी बोट ठेवलं आणि एकेका गुडघ्यावरून पुढे सरकवत नेलं. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

बोट थबकलं.

"कौसर, ही तू?"

"हाव."

"आणि ही तुझ्या शेजारची?"

"सोजरा."

"तुझे गुडघे डावीकडे. सोजराबाईचेही डावीकडे."

कौसर वाकली. सोजराबाईनं नाक पुसून चष्मा लावला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कौसरच्या तोंडून असा एक शब्द निघाला की बाहेर रांगोळी काढणाऱ्या मुलींनी हात थांबवले.

खो-खोत शेजारच्या दोघी एकाच बाजूला तोंड करून कधी बसत नाहीत. ते कुणी शिकवावं लागत नाही. वऱ्हाडातलं पोर चालायला लागलं की कुठल्याशा रांगेत जाऊन बसतं आणि आपसूक शेजारच्याच्या उलट बसतं.

"माया," बेबीताईंनी हाक मारली. आवाज हळू होता, पण त्यात कोर्टातला लाकडी हातोडा होता. "इकडं ये. ही बघ तुझी जागा. कौसर अन् सोजराबाईच्या मधली. तुला काढलं, भोक बुजवलं, आणि रांग जवळ ओढली."

महामायेनं काचेवर त्या जागी बोट ठेवलं, जिथं आता काहीच नव्हतं.

"ताई, मी चुकून राहिली असं म्हटलं असतं तं मी घरी गेली असती," ती म्हणाली. "हे तं कोनी बसून केलं."

३

फोटो शाकिरच्या स्टुडिओत छापला होता. शाकिर कौसरचा चुलतभाऊ. तो मंडपात स्पीकरच्या तारा जोडत होता.

"आपा, मी काढलं नाई कोनाले!" त्यानं दोन्ही कान पकडले. "मले पेन ड्राइव्ह आला तयार. साफ केलेला, रंग दिलेला. मी छापलं फक्त. उलट मीच हेडसरले फोन केला. म्हटलं सर, ह्या दोन पोरी एकाच बाजूले कश्या? मलेही कळलं न! लहानपणी गल्लीत खेळलोच की."

"मग?"

"ते म्हने, समितीनं पास केलं आहे. तू छाप."

बेबीताईंनी त्याचं खातं मिटवलं. ज्यानं चूक केली तो चूक दाखवायला फोन करत नाही.

शेखर सर गाठले तेव्हा ते व्यासपीठावरच्या खुर्च्यांची मांडणी तिसऱ्यांदा बदलत होते.

"हो, शाकिर बोलला होता. पण मॅडम, समितीनं मंजूर केलेल्या फोटोत मी कसं..."

"तुम्ही स्वतः समितीत आहात."

"आहे न. आम्ही तिघं. अध्यक्ष, सिंधूताई आणि मी." त्यांनी घाम पुसला. "पण फोटो मी नाही करून घेतला. जुनी फ्रेम अध्यक्षांच्या गाडीतून बुलढाण्याला गेली. पेन ड्राइव्ह परत आला तो अध्यक्षांच्या ड्रायव्हरकडून."

"शाकिरनं दाखवल्यावर तुम्हाला चूक दिसली नाही?"

"दिसली. मी मुळात क्रीडाशिक्षक आहे हो. दरवर्षी मैदान मीच आखतो."

"म्हणजे दिसली, पण बोलला नाहीत."

शेखर सर एका खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्यांच्या खात्यात बेबीताईंनी भित्रेपणा लिहिला. भित्रेपणा गुन्हा नाही, पण गुन्ह्याला जागा भाड्यानं देतो.

रंगराव पाहुण्यांच्या वाटेला डोळे लावून फाटकाशी उभे होते. पाहुणे चिखलीत कुणाकडे चहाला थांबले होते, म्हणजे अजून बराच अवकाश होता.

"फ्रेम माझ्या गाडीत गेली, खरं आहे. बुलढाण्याले समितीची बैठक होती. तिथं टेबलावर ठेवली. मंग कोनी उचलली, मी काय राखण करत बसू? हेडमास्तरनं उचलली असन."

"ते म्हणतात ड्रायव्हरनं आणून दिलं."

"ड्रायव्हरले कोनी दिलं ते त्याले विचारा. तो सुटीवर आहे." रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "अन् बाई, मले खो-खो शिकवू नका. दहा वर्षं जिल्ह्यात पंच होतो मी. शिट्टी माझी अशी वाजे की पोरं जागच्या जागी थिजत."

"मग छापायच्या आधी पाहिला नाहीत फोटो?"

"पाहिला. माझं नाव बरोबर छापलं का, ते पाहिलं."

हे मात्र बेबीताईंना शंभर टक्के खरं वाटलं.

४

सिंधूताई स्वागतकक्षात फेट्यांची मोजदाद करत होत्या. बुलढाण्याला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. जरीकाठी साडी, गोड आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या हातावर हात ठेवायची लकब.

"अहो, ऐकलं मी! किती वाईट झालं त्यांच्यासाठी. पण इतक्या वर्षांत कोण कुठल्या संघात होतं, गोंधळ होतोच. मी स्वतः त्या वर्षी राखीव होते, पण फोटोच्या दिवशी तापानं फणफणलेली. नशीब!"

"म्हणजे तुम्हीही खेळलेल्या."

"खेळले म्हणजे काय! खो-खो माझा जीव होता."

"आणि फोटो शेवटी कुणी पाहिला?"

"तिघांनीही पाहिला. छानच झालाय. मी तर एकेक चेहरा न्याहाळला." सिंधूताईंनी बेबीताईंच्या हातावर हात ठेवला. "खरं सांगते, मला यायला सुटी मिळत नव्हती. आमच्यासारख्या खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेल्या सगळ्यांचे कागद सध्या वरून तपासून राहिलेत. पुरावे द्या, फोटो द्या. नुसता ताप आहे डोक्याला!"

बेबीताई बाहेर आल्या. शाळेमागच्या मैदानावर ऊन चढलं होतं. महामाया लिंबाखाली उभी होती, पिशवी खांद्याला लावून.

"ताई, चला. दुपारची गाडी भेटन."

"आणि भिंत?"

"राहू द्या. मी होती, मले माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग!" बेबीताई कडाडल्या. इतका वेळ दाबून धरलेलं वर आलं. "तुझ्या पोरींना उद्या कुणी विचारलं तर? ही भिंत पन्नास वर्षं उभी राहील, माया. तू मेल्यावरही तिथं तुझी जागा बुजलेलीच असेल. घरी जायचं तर मला इथं सोडून जा."

महामायेनं पिशवी खाली ठेवली.

"आता ऐक. चूक ज्यानं केली त्याला खो-खोत कसं बसतात तेच ठाऊक नाही. खेळलेल्या माणसाच्या हातून ही चूक व्हायचीच नाही. तो फोटोतून तुला काढताना सुद्धा आधी गुडघे सरळ करेल. बरोबर?"

"हाव."

"आणि समितीतले तिघंही काय म्हणतात? अध्यक्ष पंच. मुख्याध्यापक क्रीडाशिक्षक. सिंधूताई खेळाडू. तिघांनाही खो-खो येतो. मग चूक केली कुणी?"

महामायेच्या कपाळावर आठी पडली. "तिघांतलं एक जण खोटं बोलून राह्यलं."

"खोटं विचारून सापडत नाही," बेबीताई म्हणाल्या. "त्याला खाली बसवावं लागतं."

५

रंगरावांना पटवणं सगळ्यांत सोपं होतं. बेबीताई म्हणाल्या, "साहेब, पाहुण्यांना वेळ आहे. जुन्या खेळाडूंचा तसाच एक फोटो मैदानावर होऊन जाऊ द्या, खो-खोच्या बैठकीत. तुमच्यासारखे पंच रांगेत असले तर वर्तमानपत्रवाले पहिल्या पानावर घेतील." रंगराव वाक्य संपायच्या आत मैदानाकडे निघाले.

गर्दी जमली. त्या संघातल्या बाकीच्या बायकाही एव्हाना येऊन पोहोचल्या होत्या. शाकिर कॅमेरा घेऊन खांबाशी उभा राहिला. कोण कुठे ते बेबीताईंनी ठरवलं, कसं बसायचं ते कुणालाच सांगितलं नाही.

कौसर पहिली. बुरखा सावरत, "या अल्ला, गुडघे!" म्हणत ती बसली, तोंड लिंबाकडे. तिच्या पुढे रंगराव. पोट आवरत, धापा टाकत उकिडवे बसले. तोंड आपोआप शाळेकडे. त्यांच्या पुढे शेखर सर, लिंबाकडे. मग बेबीताईंनी एक जागा सोडली आणि त्यापलीकडे सोजराबाईला बसवलं. सोजराबाईनं सोडलेली जागा डोळ्यांनी मोजली, हिशेबात धरली, आणि लिंबाकडे तोंड करून बसली.

"सिंधूताई, तुम्ही त्या मधल्या जागेत."

सिंधूताई हसत आल्या. साडीच्या निऱ्या सावरल्या. इकडे पाहिलं, शेखर सर लिंबाकडे बघत होते. तिकडे पाहिलं, सोजराबाईही लिंबाकडे. शाळेच्या प्रार्थनेला बसावं तशा त्या ऐटीत बसल्या. लिंबाकडे तोंड करून.

"ए सिंधू!" रंगराव मागे वळून ओरडले. दहा वर्षांची पंचगिरी थेट घशातून आली. "तोंड फिरव न! फाऊल हाय तो! तुले बसता बी येत नाई का—"

आणि ते थांबले.

मैदानावर हसू फुटलं, पण कौसरनं असं पाहिलं की ते जागीच विझलं.

"पाहिलंत?" बेबीताईंनी आवाज चढवला नाही, त्याची गरज नव्हती. "गुडघे दुखणारी कौसर नीट बसली. अध्यक्ष नीट बसले. नजर वर न करणारे शेखर सर, तेसुद्धा नीट बसले. फोटोत झालेली चूक आता इथं झाली. तीच चूक, त्याच माणसाकडून."

"बत्तीस वर्षं झाली," सिंधूताईंचा गोडवा उडाला. "विसरले मी!"

"एकेक चेहरा न्याहाळला म्हणालात. खो-खो जीव होता म्हणालात. जीव लावलेल्या खेळात कसं बसायचं ते कुणी विसरत नाही. तुम्ही या रांगेत कधी बसलाच नाही. तुमच्या ऑफिसात खेळाडूंचे कागद तपासताहेत. त्यांना फोटो हवा. संघ बारा जणींचा, आणि मूळ फोटोत माया धरून बारा जणी होत्या, म्हणजे तुमच्यासाठी जागाच नव्हती. स्वतःला घुसवलं असतं तर कौसरनं तुम्हाला ओळखलं असतं. म्हणून एकीला काढलं. अकरा उरल्या की बारावी आजारी होती म्हणायला मोकळे."

"तिले काय फरक पडत होता?" सिंधूताई फुटल्या. एवढ्या वर्षांची बुलढाण्याची भाषा गळून पडली. "तिची नोकरी तं पक्कीच आहे! माझी जाऊन राह्यली होती! अन् ती कुठं येणार होती इतक्या लांबून, कोन विचारणार होतं तिच्यासाठी?"

बेबीताईंनी आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. इतका नागडा एकही नव्हता. बारा जणींत सिंधूताईंनी नीट हिशेब केला होता. कुणाचा नवरा सरपंच, कुणाचा मुलगा वकील, कुणाचं दुकान गावात. आणि सगळ्यांत स्वस्त चेहरा कुणाचा, तो निवडला होता. रंगरावांना हे आधी ठाऊक होतं की नाही, ते बेबीताईंच्या खात्यात आजही बाकी आहे.

"मूळ फ्रेम कुठं आहे?"

"माझ्या कपाटात," सिंधूताई पुटपुटल्या. त्या उठू पाहत होत्या, पण जरीची साडी पायात अडकली होती.

तेव्हा महामाया लिंबाखालून निघाली. वळसा घालून शाळेच्या बाजूनं रांगेच्या मागे आली. तिनं चप्पल काढली. चालता चालता तिची पावलं बदलली. पन्नाशीला आलेली नर्स होती ती, पण शेवटची चार पावलं तिनं टाकली ती धावून. सिंधूताईंच्या पाठीवर तिचा पंजा बसला.

"खो!"

उभ्या मैदानात तो आवाज घुमला. सिंधूताई दचकून उठल्या, साडीसकट, आणि बाजूला झाल्या. महामाया त्या जागेत बसली. शेखर सर आणि सोजराबाई लिंबाकडे, ही शाळेकडे.

सोजराबाई पुन्हा रडू लागली. या वेळी कौसरनंही डोळे पुसले.

फाटकाशी हॉर्न वाजला. पाहुणे आले. रंगराव हातांवर भार देत उठायला लागले. "चला चला, उठा सगळे. महामायाताई, तुम्हीही या व्यासपीठावर, तुमाले शाल देऊ, नारळ देऊ, सगळं देऊ. पाहुणे खोळंबले."

"खोळंबू द्या," महामाया म्हणाली. तिनं मान वळवली नाही. समोर शाळेच्या भिंतीवरचा तो फोटो उघड्या दारातून दिसत होता. "पहिले ते खाली उतरवा. मंग उठू."

रंगरावांनी कौसरकडे पाहिलं. कौसर बसलेली. सोजराबाईकडे पाहिलं. तीही बसलेली. मागे उभ्या असलेल्या त्या संघातल्या बाकीच्या बायका एकेक करून पुढे येत होत्या आणि रांगेच्या टोकाला, एक लिंबाकडे, एक शाळेकडे, बसत होत्या.

शेखर सर उठले. अध्यक्षांकडे न बघता ते स्टूल आणायला गेले.